आठवीतला अल्जेब्रा: सॅन फ्रान्सिस्कोच्या एका निर्णयाची दहा वर्षं

सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीतून अल्जेब्रा १, म्हणजे बीजगणिताचा पहिला कोर्स, काढून टाकला आणि २०२४ मध्ये तो परत आणायचं ठरवलं. मधल्या दहा वर्षांत काय झालं, कोणाचं भलं झालं, कोणाचं नुकसान झालं हे मला जरा नीट लिहायचंय. कारण आपल्या ग्रुपांवर ही गोष्ट एकतर "अमेरिकेत गणिताचं वाटोळं करून ठेवलं" अशी फॉरवर्ड होते, नाहीतर "आशियाई पालकांना फक्त स्वतःच्याच पोरांची पडलीय" अशी, आणि दोन्हीकडून मूळ मुद्दा निसटतो. माझं मत आधीच सांगतो. हा निर्णय ज्या मुलांचं नाव घेऊन केला, म्हणजे काळी मुलं, लॅटिनो (लॅटिन अमेरिकन वंशाची) मुलं, गरीब घरची मुलं, त्यांच्या पदरात यातून जवळजवळ काहीच पडलं नाही.

आधी तिकडची रचना समजून घ्यायला लागेल, नाहीतर एका विषयावरून एवढं रान का पेटलं हे कळणारच नाही. आपल्याकडे बालभारतीचं पुस्तक उघडलं की बीजगणित आणि भूमिती दोन्ही दरवर्षी थोडी थोडी येतात, सहावी-सातवीपासूनच अक्षरं वापरून समीकरणं सोडवायला सुरुवात होते आणि आठवीत सगळ्या वर्गाला तेच पुस्तक. अमेरिकेत तसं नाही. तिथे बहुतेक ठिकाणी वरच्या इयत्तांचं गणित एकेका वर्षाच्या कोर्समध्ये कापलेलं असतं: अल्जेब्रा १, मग जॉमेट्री, मग अल्जेब्रा २, मग प्रीकॅल्क्युलस आणि शेवटी कॅल्क्युलस. साधारण एक पूर्ण झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. आता हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, वर्षं चार आणि कोर्स पाच. म्हणजे बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर पहिला कोर्स आठवीतच व्हायला पाहिजे, नाहीतर पुढे कुठेतरी दोन कोर्स एका वर्षात कोंबायला लागतात. एवढंच हे गणित आहे, आणि सगळं भांडण त्यातून निघालंय. इंजिनिअरिंगला किंवा फिजिक्सला जायचं असेल तर चांगल्या कॉलेजांच्या ॲडमिशनमध्ये एपी कॅल्क्युलस (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) बघितलं जातं, अधिकृत अट असो वा नसो. त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलाला कुठल्या वर्गात बसवलं यावर पुढची पाच वर्षं अवलंबून राहतात.

आणि अमेरिकेत राज्यभर एक पुस्तक, एक मंडळ असंही काही नाही. देशात तेरा हजारांच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था, आहेत. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड असतं आणि कोणत्या इयत्तेत कोणता कोर्स द्यायचा हे ते बरंचसं स्वतः ठरवतं. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत एक नियम आणि तासाभराच्या अंतरावरच्या फ्रीमॉन्टमध्ये दुसरा, असं सहज होऊ शकतं. बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या शहरांतली, आपली बरीच मराठी कुटुंबं फ्रीमॉन्ट, सनीव्हेल, क्युपर्टिनो या बाजूला राहतात आणि तिथले डिस्ट्रिक्ट वेगळे, त्यामुळे त्यांच्या मुलांना या नियमाची थेट झळ लागली नाही. पण चर्चा मात्र प्रत्येक घरात झाली.

आता थोडं मागे जाऊ. आठवीत अल्जेब्रा ही मागणी श्रीमंतांनी केलेली नव्हती. बॉब मोझेस नावाचा माणूस, १९६० च्या दशकात मिसिसिपीत जीव धोक्यात घालून काळ्या लोकांची मतदार नोंदणी करणारा, त्याने १९८२ मध्ये मॅकआर्थर फेलोशिपच्या पैशातून अल्जेब्रा प्रोजेक्ट सुरू केला. त्याचं म्हणणं असं की आजच्या जगात गणित येणं हा मतदानाच्या हक्कासारखाच नागरी हक्क आहे आणि काळ्या मुलांना आठवीत अल्जेब्राच्या वर्गात बसूच दिलं जात नाही, त्यांना आधीच खालच्या वर्गात टाकून दिलं जातं, म्हणून लढायचं ते त्या वर्गात शिरण्यासाठी. मोझेस २०२१ मध्ये वारला. त्याच्या हयातीतच त्याच समतेचं नाव घेऊन तो वर्ग सगळ्यांसाठी बंद करणारी पॉलिसी एका मोठ्या शहरात आली होती. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट टोचते.

पण ती पॉलिसी कुठून आली हेही प्रामाणिकपणे बघायला पाहिजे. कॅलिफोर्नियाने १९९७ च्या स्टँडर्ड्समध्ये आठवीत अल्जेब्रा हे ध्येय ठेवलं आणि मग शाळांना गुण देण्याच्या पद्धतीतून त्यासाठी रेटा लावला. २००८ मध्ये राज्य बोर्डाने तर आठवीच्या प्रत्येक मुलाची अल्जेब्राचीच परीक्षा घ्यायची असं ठरवलं होतं, ते कोर्टात अडकलं. तरी रेट्यामुळे हळूहळू राज्यातली निम्म्याहून जास्त आठवीची मुलं अल्जेब्रात बसायला लागली. बसली खरी, पण पाचवी-सहावी-सातवीचं गणित तेच राहिलं, अपूर्णांक कच्चे, शेकडेवारी कच्ची, ऋण संख्यांची भीती. अशा मुलांना सरळ अल्जेब्रात ढकललं की काय होणार? नापास. मग नववीत परत तोच कोर्स, काहींना दहावीतही तोच. सॅन फ्रान्सिस्को डिस्ट्रिक्टच्याच आकड्यांप्रमाणे जुन्या पद्धतीतल्या शेवटच्या बॅचमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास मुलांना अल्जेब्रा १ परत करायला लागला होता, आणि त्यात काळी आणि लॅटिनो मुलं जास्त होती. एकदा नापास, दोनदा नापास झालेल्या पोराला आपल्याला गणित येत नाही हे इतकं पक्कं वाटायला लागतं की पुढे कितीही समजावलं तरी ते निघत नाही, हे कुठल्याही गणिताच्या शिक्षकाला विचारा. म्हणजे दुखणं खरं होतं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग डिस्ट्रिक्टचा अनुभवही हेच सांगतो. तिथे २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत बऱ्याच मुलांना तयारी न बघता घाईघाईने आठवीत अल्जेब्रात घातलं गेलं. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या क्लॉटफेल्टर, लॅड आणि विग्डोर या तिघांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा त्या मुलांचे अल्जेब्राचे मार्क कमी झाले आणि पुढचे कोर्स वेळेत पास होण्याचं प्रमाणही घसरलं असं निघालं. तेव्हा "घाला सगळ्यांना अल्जेब्रात" एवढंच म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

मग आलं कॉमन कोअर, म्हणजे कोणत्या इयत्तेत काय यायला पाहिजे याचे अनेक राज्यांनी मिळून केलेले निकष. कॅलिफोर्नियाने ते २०१० मध्ये स्वीकारलं आणि पुढे राज्याने आठवीत अल्जेब्राचा रेटा सोडून दिला. कॉमन कोअरचं आठवीचं गणित तसं हलकं नाही, त्यात रेषीय समीकरणं आहेत, दोन चलांच्या समीकरणांच्या जोड्या आहेत, फंक्शनची ओळख आहे, पायथागोरस आहे, म्हणजे जुन्या अल्जेब्रा १ मधला बराच भाग आठवीत आलेला, आणि नवा अल्जेब्रा १ त्याहून जड केलेला. डिस्ट्रिक्टने हाच मुद्दा धरला. त्यांचं म्हणणं, आठवीचं गणित आता इतकं भरीव आहे की ते उडवून थेट अल्जेब्रा १ करणं म्हणजे पाया सोडून इमारत बांधणं. शिवाय सहावीतच मुलांची वाटणी करून वरचा वर्ग आणि खालचा वर्ग करायचा, ज्याला तिकडे ट्रॅकिंग म्हणतात, त्यात खालच्या वर्गात कोणत्या रंगाची मुलं दिसतात हे शहरातल्या प्रत्येकाला दिसत होतं. म्हणून फेब्रुवारी २०१४ मध्ये बोर्डाने नवा क्रम मंजूर केला: सहावी, सातवी, आठवीत सगळ्यांना एकच गणित, नववीत सगळ्यांना अल्जेब्रा १, दहावीत सगळ्यांना जॉमेट्री. वाटा फुटणार अकरावीत. वर्गात मिसळून बसलेल्या मुलांना शिकवायचं म्हणून शिक्षकांना ट्रेनिंग, ग्रुपमध्ये सोडवायचे प्रश्न, असा सगळा कार्यक्रम सोबत होता आणि अनेक शिक्षकांनी त्यासाठी जीव ओतून काम केलं. त्यांच्या हेतूबद्दल मला अजिबात शंका नाही.

पण पाच कोर्स चार वर्षांत कसे बसवायचे हा प्रश्न राहिलाच. त्याला उत्तर म्हणून अकरावीत एक दाबून बसवलेला कोर्स काढला, अल्जेब्रा २ आणि प्रीकॅल्क्युलस एकत्र, म्हणजे ज्याला बारावीत कॅल्क्युलस हवंय त्याने अकरावीत दोन वर्षांचं एका वर्षात करायचं. आता विचार करा, आठवीत जरा वेगाने शिकायला तयार असलेल्या पोराला थांबवलं आणि अकरावीत, जेव्हा बाकीचे विषय, कॉलेजची तयारी, एसएटी ही प्रवेशाची परीक्षा, सगळं एकदम डोक्यावर असतं, तेव्हा त्याला पळायला सांगितलं. आणि या पळण्यात शिकवणीचा आधार ज्याच्याकडे आहे तो टिकतो. ज्याच्याकडे नाही त्याच्या वाट्याला दमछाक येते.

पालकांनी काय केलं? ज्यांना परवडत होतं त्यांनी आठवीत असतानाच ऑनलाइन अल्जेब्रा १ चा पैसे भरून कोर्स करून घेतला, आणि मग बाहेर केलेला कोर्स नीट आलाय का हे तपासणारी डिस्ट्रिक्टची एक व्हॅलिडेशन परीक्षा देऊन नववीत थेट जॉमेट्री. कोणी नववीत अल्जेब्रा आणि जॉमेट्री दोन्ही एकदम घेतले, कोणी उन्हाळ्याच्या सुट्टीत जॉमेट्री उरकली, कोणी सरळ प्रायव्हेट शाळा गाठली. सॅन फ्रान्सिस्कोत प्रायव्हेट शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण आधीच देशातल्या इतर मोठ्या शहरांपेक्षा जास्त आहे, तिथे आठवीत अल्जेब्रा मिळतच होता. आपल्यातल्या बऱ्याच घरांत कुमॉन किंवा रशियन मॅथ अशा शिकवण्यांची फी वर्षानुवर्षं भरली जाते, आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण दोन शिफ्ट काम करणारी आई, घरात इंग्रजी कोणाला नीट येत नाही, ऑनलाइन कोर्स नावाची काही सोय आहे हे सांगणारं कोणी नाही, अशा घरातलं हुशार पोरगं आठवीत काय करणार? त्याला फक्त शाळा होती. आणि शाळेने सांगितलं, हा कोर्स इथे नाही. पॉलिसी लिहिताना हा एक प्रश्न कोणी जोरात विचारला असता तरी खूप झालं असतं.

पुढची गोष्ट आकड्यांची आहे. २०१७ नंतर डिस्ट्रिक्टने जाहीर केलं की अल्जेब्रा १ परत करायला लागणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं. केवढा मोठा आकडा! देशभर तो फिरला. त्याच सुमारास, २०१८ मध्ये, गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेनेही ट्रॅकिंग बंद करावं अशी शिफारस केली होती, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्को हे दाखवायला मिळालेलं उदाहरण झालं. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नव्या गणित फ्रेमवर्कचा, म्हणजे शाळांना गणित कसं शिकवायचं हे सांगणाऱ्या मार्गदर्शिकेचा, मसुदा आला, त्यातही या शहराचा यशस्वी प्रयोग म्हणून उल्लेख होता. राज्यभर तसंच करायचं की काय, अशी भीती तिथून सुरू झाली.

तेव्हा फॅमिलीज फॉर सॅन फ्रान्सिस्को नावाच्या पालकांच्या गटाने माहितीच्या हक्काखाली डिस्ट्रिक्टकडून डेटा मागवला आणि २०२१ मध्ये एक रिपोर्ट काढला. त्यांनी दाखवलेली मुख्य गोष्ट साधी आहे. आधी अल्जेब्रा १ मधून पुढे जायला वर्षअखेरची एक परीक्षा पास व्हायला लागायचं आणि नव्या पद्धतीत ती अटच राहिली नाही. म्हणजे परत बसणाऱ्यांची संख्या कमी झाली ती बऱ्याच अंशी परत बसवण्याचा नियम बदलल्यामुळे, मुलांना जास्त यायला लागलं म्हणून असं त्यातून सिद्ध होत नाही. मला डिस्ट्रिक्टचा राग इथे येतो. मुलांना बळंच परत बसवणं थांबवलं हे कदाचित योग्यच असेल, तसं सांगायचं होतं. पण नियम बदलल्याचं न सांगता तो आकडा शिकण्यातली सुधारणा म्हणून मिरवला गेला आणि त्याच्या जोरावर राज्याच्या पॉलिसीपर्यंत बात गेली. आपल्याकडेही निकालाचे टक्के वाढले की आधी परीक्षेचे नियम बदलले का ते बघायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

फ्रेमवर्कवरून वेगळं महाभारत झालं, ते इथे थोडक्यातच सांगतो. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीतल्या गणित शिक्षणाच्या प्राध्यापक जो बोलर (Jo Boaler) या फ्रेमवर्कच्या लेखकांपैकी एक, तिथलेच गणिताचे प्राध्यापक ब्रायन कॉनरॅड यांनी मसुद्यात दिलेले संशोधनाचे दाखले एकेक तपासून बरेच दाखले मूळ पेपरात नसलेलं सांगतायत असा आक्षेप घेतला, हजारांहून जास्त गणित-विज्ञानातल्या लोकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या, मसुदा दोनदा बदलला आणि जुलै २०२३ मध्ये राज्य बोर्डाने सौम्य केलेली आवृत्ती मंजूर केली. आठवीत अल्जेब्रा नकोच असा सूर तोपर्यंत त्यातून गेला होता.

प्रकरणाचा खरा निकाल माझ्या मते मार्च २०२३ मध्ये लागला, जेव्हा स्टॅनफर्डच्याच एलिझाबेथ हफकर, सारा नोविकॉफ आणि थॉमस डी यांनी या पॉलिसीवरचा अभ्यास बाहेर आणला. हे लोक कोणत्याही बाजूचे कार्यकर्ते नाहीत, डिस्ट्रिक्टनेच त्यांना डेटा दिला होता. त्यांना काय दिसलं? नववीत मुलं एकाच वर्गात मिसळून बसायला लागली, हे घडलं. म्हणजे पॉलिसीचं पहिलं उद्दिष्ट साधलं. पण एपी गणित घेणाऱ्या मुलांचं प्रमाण सुरुवातीला साधारण १५ टक्क्यांनी घटलं, म्हणजे दर शंभर मुलांमागे साधारण सहा मुलं कमी झाली, आणि ही घट मुख्यतः कॅल्क्युलसमध्ये आणि आशियाई मुलांमध्ये होती. प्रीकॅल्क्युलसही आधी खाली गेलं आणि नंतर त्या दाबून बसवलेल्या कोर्समुळे सावरलं. आता सगळ्यात महत्त्वाचं: काळ्या मुलांचं एपी गणितातलं प्रमाण जवळपास होतं तिथेच राहिलं, लॅटिनो मुलांचं शंभरामागे साधारण एकाने वाढलं, आणि वेगवेगळ्या समाजांमधली दरी होती तेवढीच राहिली.

हे परत एकदा वाचा. वरच्यांना थोडं खाली ओढूनही दरी कमी झाली नाही. का नाही, हे समजायला मोठी थिअरी लागत नाही. काळ्या आणि लॅटिनो मुलांना आठवीत अल्जेब्रा जड जात होता कारण त्यांची आधीची तीन-चार वर्षं कच्ची गेली होती. आठवीतून अल्जेब्रा काढल्याने ती वर्षं पक्की होत नाहीत. नववीत तोच कोर्स तीच कच्ची तयारी घेऊन समोर येतो, फक्त एक वर्ष उशिरा. आणि बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचायचा रस्ता तेवढा आणखी अवघड झालेला असतो. कोणी म्हणेल, सगळ्यांना कॅल्क्युलस कशाला हवंय, स्टॅटिस्टिक्स शिकवा, डेटा सायन्स शिकवा. मला ते तत्त्वतः पटतं. पण कॉलेजं कॅल्क्युलस बघायचं थांबवत नाहीत तोपर्यंत गरीब वस्तीतल्या शाळांत ते कमी करून तिथल्या मुलांचं काय भलं होणार? अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नागरी हक्कांच्या २०१५-१६ च्या पाहणीत देशातल्या निम्म्या हायस्कूलांमध्ये कॅल्क्युलस शिकवलं जात होतं, आणि काळ्या-लॅटिनो मुलांची संख्या जास्त असलेल्या शाळांमध्ये फक्त ३८ टक्के ठिकाणी. कमतरता आधीच कुठे आहे ते यातून दिसतं.

मधल्या काळात शहराचं राजकारणही तापलं होतं. कोविडमध्ये शाळा लांबच लांब बंद राहिल्या, त्या काळात बोर्ड ४४ शाळांची नावं बदलायच्या मागे लागलं, लोवेल या नावाजलेल्या सरकारी हायस्कूलचे मार्कांवरचे प्रवेश काढून लॉटरी आणली. १५ फेब्रुवारी २०२२ ला मतदारांनी बोर्डातल्या तिघांना मुदतीआधी मत देऊन घरी पाठवलं, तिघांच्याही विरोधात दोन तृतीयांशपेक्षा जास्त मतं पडली. ही मोहीम सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, शिवा राज, भारतीय वंशाचा पालक. आणि चिनी कुटुंबांनी, ज्यातली कित्येक अजिबात श्रीमंत नाहीत, चायनाटाउनमध्ये, सनसेटमध्ये राहणारी, त्यांनी यात फार जोर लावला. अल्जेब्रा या रिकॉलचं मुख्य कारण नव्हतं, पण पालकांना आता वाटायला लागलं की बोललं तर फरक पडतो. मार्च २०२३ मध्ये काही पालक कोर्टात गेले. त्यांनी राज्याच्या २०१५ च्या कायद्याचा आधार घेतला, जो सांगतो की नववीत गणिताचा वर्ग ठरवायची पद्धत न्याय्य, वस्तुनिष्ठ आणि पारदर्शक असली पाहिजे.

शेवटी १३ फेब्रुवारी २०२४ ला बोर्डाने आठवीत अल्जेब्रा परत आणायला मंजुरी दिली. तीनच आठवड्यांनी, ५ मार्चला, शहराच्या मतपत्रिकेवर प्रपोझिशन जी होतं, आठवीत अल्जेब्रा द्यावा असा आग्रह करणारं. बोर्डावर ते बंधनकारक नव्हतं, फक्त शहराचं मत म्हणून होतं. ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात, जिथे बहुसंख्य लोक समतेच्या बाजूने मत देतात, तिथे एवढं एकमत झालं याचा अर्थ लोक समतेला कंटाळले असा मी लावत नाही. त्यांना ही पद्धत पटली नाही.

मग दुसरं काय करता आलं असतं? याची उत्तरं आधीपासूनच समोर होती आणि ती मला या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर रॉकव्हिल सेंटर नावाचा डिस्ट्रिक्ट आहे. त्यांनी १९९० च्या दशकात ट्रॅकिंग बंद केलं, पण उलट्या दिशेने. सगळ्यांना खालच्या वेगावर न आणता त्यांनी सगळ्यांनाच वेगवान कोर्स दिला, म्हणजे प्रत्येक मुलाला आठवीत अल्जेब्राच्या तोडीचा कोर्स, आणि ज्यांना जड जाईल त्यांच्यासाठी त्याच आठवड्यात जादा गणिताचे वर्ग, शाळेच्या वेळात, फुकट. कॅरल बरिस आणि सहकाऱ्यांनी त्याचे निकाल २००६ मध्ये मांडले. गरीब मुलं, काळी-लॅटिनो मुलं, आधीपासून हुशार असलेली मुलं, सगळ्या गटांत पुढचे वरचे कोर्स घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि वरच्या मुलांचे मार्क घसरले नाहीत. हो, रॉकव्हिल सेंटर हा लहान आणि पैसेवाला डिस्ट्रिक्ट आहे, सॅन फ्रान्सिस्कोसारखा अवाढव्य नाही, ते मान्य.

मोठं आणि गरीब उदाहरण हवं असेल तर डॅलस घ्या. तिथल्या सरकारी शाळांत बहुसंख्य मुलं लॅटिनो आणि काळी, बहुतेक घरं कमी उत्पन्नाची. २०१९ मध्ये त्यांनी फक्त फॉर्मची दिशा बदलली. आधी पालकांनी अर्ज करायला लागायचा की माझ्या मुलाला वरच्या वर्गात घ्या, आता परीक्षेत ठीक मार्क असलेल्या मुलाला शाळा आपणहून सहावीत वरच्या वर्गात बसवते आणि नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. आठवीत अल्जेब्रा घेणारी मुलं आधी साधारण २० टक्के होती, २०२२-२३ पर्यंत ६० टक्क्यांच्या आसपास पोचली. हे बघून टेक्सास राज्याने २०२३ मध्ये कायदाच केला की पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत येणाऱ्या मुलांना सहावीत वरच्या गणितात आपोआप घालायचं. टेक्सास! राजकारणात कॅलिफोर्नियाच्या अगदी उलट टोकाचं राज्य. काळ्या आणि लॅटिनो मुलांना अल्जेब्रात आणायचं काम तिथे एका साध्या फॉर्मने जास्त झालं, आणि इथे बे एरियात आम्ही तत्त्वांवर भांडत बसलो.

डॅलसच्या पद्धतीतला बारकावा लक्षात घ्या. पात्र असूनही वर्गात न दिसणारी मुलं कोण असतात? ज्यांच्या आईबापांना असा वर्ग असतो हेच माहीत नसतं, किंवा माहीत असलं तरी "शाळेला कसं सांगायचं" असा संकोच असतो. शिक्षकांच्या शिफारशीवर सोडलं तर शांत बसणारी, इंग्रजी अडखळत बोलणारी मुलं राहून जातात. मार्क समोर असताना संगणकाने नाव टाकलं तर ती राहत नाहीत. यात मुलांना ढकलणंही नाही, कारण मार्क बघूनच घेतलंय, म्हणजे शार्लटसारखी चूक टळते. मला विचाराल तर २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने हे करायला हवं होतं: चौथी-पाचवीपासून अपूर्णांकांवर मेहनत, सहावीत आपोआप नाव, आणि मागे पडणाऱ्यांना जादा तास. खर्च आला असता, निकाल यायला वेळ लागला असता, आणि तीन वर्षांत जाहीर करायला ४० वरून ८ सारखा आकडा मिळाला नसता.

आता नव्या पद्धतीबद्दल. २०२४-२५ पासून तीन प्रकार सुरू केले गेले. काही शाळांत आठवीच्या सगळ्याच मुलांना अल्जेब्रा १. काही शाळांत आठवीचं गणित आणि अल्जेब्रा १ दोन्ही एकदम, म्हणजे मुलाचे दोन तास गणितात जाणार आणि चित्रकला, संगीत किंवा दुसरी भाषा यातलं काहीतरी सुटणार. आणि बाकीच्या ठिकाणी ऑनलाइन किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीतला कोर्स. मला दुसऱ्या प्रकाराची काळजी वाटते, कारण गणितासाठी पोराचं संगीत काढून घेणं ही अशी किंमत आहे जी प्रायव्हेट शाळेतल्या मुलाला द्यावी लागत नाही. तिसऱ्याची जास्त काळजी वाटते, कारण तेरा वर्षांचं मूल एकटं स्क्रीनसमोर बसून अल्जेब्रा शिकणार असेल तर घरी कोण आहे यावरच सगळं येऊन ठेपतं, म्हणजे जिथून सुरुवात केली तोच प्रश्न. आणि हे सगळं चाललंय तेव्हा डिस्ट्रिक्टची तिजोरी रिकामी, राज्याची देखरेख बसलेली, शाळा बंद करायच्या यादीवरून गोंधळ होऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख) मॅट वेन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी मारिया सू आल्या. चांगले गणिताचे शिक्षक टिकवणं अशा वेळी किती अवघड, हे वेगळं सांगायला नको.

२०२४-२५ मध्ये आठवीत अल्जेब्रा केलेली पहिली मुलं २०२९ मध्ये बारावी पास होतील. तेव्हा डिस्ट्रिक्ट जे आकडे देईल त्यात किती मुलांनी आठवीत अल्जेब्रा घेतला हा आकडा मी दुसऱ्या नंबरवर ठेवीन. आधी हे बघायचं की कॅल्क्युलसच्या वर्गात काळी आणि लॅटिनो मुलं किती आहेत, त्यातली किती जण शाळेतल्याच वर्गातून तिथवर पोचली आणि किती जणांना बाहेर पैसे भरायला लागले. हा शेवटचा आकडा डिस्ट्रिक्ट आजवर गोळाच करत आलेला दिसत नाही. व्हॅलिडेशन परीक्षेला बसणाऱ्या मुलांकडून एक छोटा फॉर्म भरून घेतला, कोर्स कुठे केला आणि फी किती दिली, तरी तो हातात येईल. सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या आपल्या लोकांना माझी विनंती आहे की बोर्डाच्या मीटिंगला जाल तेव्हा दोन मिनिटं मिळतात, त्यात एवढीच मागणी करा.